विकायचं नसलेलं घर : सक्तीचं भूसंपादन आणि खासगी पुनर्विकास

नदीपल्याड

मागच्या आठवड्यात पुनर्विकासाच्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, "बाजारभावाने मोबदला मिळतोय ना, मग तक्रार कसली?" तिथे उत्तर द्यायला बसले आणि ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढते आहे.

मी कनेक्टिकटमध्ये ग्रॉटनला राहते. समोर थेम्स नदी आणि नदीपल्याड न्यू लंडन हे जुनं बंदराचं गाव. २०१२ मध्ये इथे आले, त्याच वर्षी पुण्याहून मावशी आली होती. तिला फोर्ट ट्रम्बुलचा किल्ला दाखवायला नेलं. किल्ल्याच्या वाटेवर रस्ते होते, पदपथ होते, पण घर एकही नाही. नुसतं कमरेएवढं गवत. मावशी म्हणाली, "अगं, पाण्याकाठची एवढी चांगली जागा, आणि ओसाड कशी?" मला तेव्हा उत्तर माहीत नव्हतं. घरी येऊन शोधलं आणि त्या रात्री झोप लागली नाही.

तिथे वस्ती होती. बहुतेक कष्टकऱ्यांची, त्यात इटलीहून आलेल्या कुटुंबांची बरीच. साधी लाकडी घरं, मागे परसू. फेब्रुवारी १९९८ मध्ये फायझर या औषध कंपनीने वस्तीला लागून ३० कोटी डॉलरचं संशोधन केंद्र बांधायचं जाहीर केलं. शहराने लगेच आसपासच्या ९० एकरांचा आराखडा करायला घेतला: हॉटेल, परिषद केंद्र, नवी घरं, कार्यालयं, बोटींचा धक्का. तो राबवायचं काम न्यू लंडन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन या खासगी संस्थेकडे दिलं, आणि पुढे लोकांची घरं सक्तीने ताब्यात घेण्याचा सरकारी अधिकारसुद्धा तिच्याच हाती दिला. नीट वाचा हे. निवडून न आलेली संस्था, आणि तिच्या हातात तुमचं घर घेण्याची सत्ता.

या अधिकाराला इकडे एमिनंट डोमेन म्हणतात. आपल्याकडचं भूसंपादन, तेच. अमेरिकेच्या घटनेची पाचवी दुरुस्ती सांगते की खासगी मालमत्ता सार्वजनिक उपयोगासाठी घ्यायची तर योग्य मोबदला द्यावा लागेल. रस्ता, शाळा, पूल हे कुणालाही पटतं. पण कोर्टं 'उपयोग' हा शब्द हळूहळू 'हेतू' असा वाचत गेली; १९५४ च्या बर्मन खटल्यात हे ठळक झालं. रस्त्यावरून मी चालते, तो माझा उपयोग. हॉटेलमुळे शहराचा कर वाढेल, हा हेतू. या दोन शब्दांमधल्या फटीतून एक अख्खी वस्ती गेली.

बहुतेकांनी घरं विकली. काहींनी नकार दिला. त्यातल्या सुझेट केलो या नर्स. १९९७ मध्ये त्यांनी नदी दिसते म्हणून एक जुनं घर घेतलं, डागडुजी केली, गुलाबी रंग दिला. नोव्हेंबर २००० मध्ये थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी त्यांच्या दारावर जप्तीची नोटीस चिकटवली गेली. आपल्याकडे धनत्रयोदशीला दारावर तलाठ्याचा कागद लागला तर कसं वाटेल, तसं ते. दुसऱ्या विल्हेल्मिना डेरी. त्यांचा जन्म १९१८ मध्ये त्याच घरात झाला होता. लग्नानंतर नवरा त्या घरात राहायला आला, त्यालाही साठ वर्षं होत आली होती. शेजारच्याच घरात मुलगा. त्यांना पैसे नको होते, दुसरं घरही नको होतं. जिथे जन्मलो तिथेच डोळे मिटावेत एवढंच मागणं होतं.

नऊ जण आणि पंधरा मालमत्ता. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २३ जून २००५ रोजी ५ विरुद्ध ४ मतांनी हे लोक हरले. बहुमताचं निकालपत्र न्या. स्टीव्हन्स यांचं: आर्थिक विकास हाही सार्वजनिक हेतूच. विरोधात न्या. सँड्रा डे ओ'कॉनर यांनी लिहिलं की असं असेल तर साध्या मोटेलच्या जागी पंचतारांकित हॉटेल, घराच्या जागी मॉल आणि शेताच्या जागी कारखाना आणायला सरकारला कोण अडवणार?

मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट वेगळीच. पंधरापैकी अकरा मालमत्ता आराखड्याच्या ज्या तुकड्यात होत्या, त्याचं नाव '४ ए'. तिथे काय बांधायचं हे धड ठरलेलंही नव्हतं. कागदावर 'उद्यानाला पूरक' असं मोघम लिहिलेलं, नाहीतर धक्क्याला उपयोगी काहीतरी. आणि त्याच वस्तीतला एक जुना इटालियन क्लब, जिथे राजकारणी मंडळींची ऊठबस असे, तो मात्र जागच्या जागी राहिला.

पुढे काय झालं? मंदी आली, विकसकाला कर्ज मिळेना, हॉटेल आलं नाही, घरं झाली नाहीत. नोव्हेंबर २००९ मध्ये फायझरने न्यू लंडन सोडत असल्याचं जाहीर केलं. शहर आणि राज्याचे जवळजवळ ८ कोटी डॉलर खर्च झाले होते. २०११ च्या वादळानंतर पडलेल्या झाडांचा पाला टाकायला शहराने तीच जागा वापरली. मी पाहिलं ते गवत त्यानंतरचं. विल्हेल्मिनाबाईंचं परसू तेव्हा कुठेतरी त्याच गवताखाली होतं.

बाजारभाव म्हणजे विकू इच्छिणाऱ्याने घेणाऱ्याकडून मान्य केलेली किंमत. ज्याला विकायचंच नाही त्याच्या घराला बाजारभाव कुठून आणणार? रस्त्यासाठी घ्या, मी रडत का होईना देईन, कारण उद्या त्या रस्त्याने माझीही मुलं जातील. पण माझ्याकडून घेऊन दुसऱ्या खासगी माणसाला द्यायचं, कारण तो माझ्यापेक्षा जास्त कर भरेल, हे मला कधीच मान्य होणार नाही.

तुमची मतं वाचायला आवडेल. विरोधी असली तरी.

---

नगररचना_७४

चांगलं लिहिलंय. पण दुसरी बाजू मांडतो, कारण हेच काम मी वीस वर्षं केलं आहे.

न्यू लंडनची अवस्था काय होती तेही सांगा. राज्याने १९९० मध्येच ते शहर हलाखीचं म्हणून जाहीर केलं होतं. १९९६ मध्ये फोर्ट ट्रम्बुलमधलं नौदलाचं केंद्र बंद झालं, दीड हजारावर नोकऱ्या गेल्या. १९९८ मध्ये बेकारी राज्याच्या जवळजवळ दुप्पट आणि लोकसंख्या २४ हजारांच्या आत, १९२० नंतरची सर्वांत कमी. शहर मरत असताना नगरपालिकेने हात बांधून बसायचं का?

दुसरं म्हणजे अडवणूक. शंभर मालक तयार होतात आणि शेवटचे दोघे दहापट भाव मागतात. जुन्या गावठाणात सलग जागा मिळवणं सक्तीच्या अधिकाराशिवाय जवळजवळ अशक्य आहे. त्या दोघांसाठी बाकीच्या गावाने रस्ते, गटारं, रोजगार सोडून द्यायचे?

---

नदीपल्याड

@नगररचना_७४, तुम्ही दिलेले आकडे खरे आहेत आणि मी ते मूळ लेखात द्यायला हवे होते. शहराला मदतीची गरज होती यात वाद नाही.

पण अडवणुकीचा मुद्दा इथे बसत नाही. या नऊ जणांनी भाव वाढवून मागितला नव्हता, ते 'नको' म्हणत होते. आणि जागाही होती! नौदलाचीच ३२ एकर मोकळी झाली होती. शंभरएक मालमत्ता वाटाघाटीने शहराकडे आल्या होत्या. चार-सहा लाकडी घरं मध्ये ठेवून आराखडा वळवता आला नसता का? क्लबसाठी वळवलाच की.

आणि ज्या वाटाघाटींना आपण 'राजीखुशीने' म्हणतो, त्यांतल्या किती खऱ्या? समोरचा माणूस टेबलावर कागद ठेवतो आणि दोघांनाही ठाऊक असतं की नाही म्हटलं तर महिन्याभराने हाच कागद नोटीस होऊन येणार आहे. शेजारची घरं विकली की लगेच पाडायचे. राहिलेल्यांच्या खिडकीबाहेर दिवसभर बुलडोझर.

---

खारबंदी

ताई, धाग्याबद्दल आभार. आमचं गाव पेण तालुक्यात, खाडीकाठाला. माझ्या वडिलांच्या सातबाऱ्यावर जे आलं होतं ते लिहितो.

२००५ मध्ये सेझचा, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रांचा, कायदा आला. पाठोपाठ पेण, पनवेल, उरण या तीन तालुक्यांतली ४५ गावं आणि दहा हजार हेक्टरच्या आसपास जमीन, महामुंबई सेझ नावाने एका खासगी कंपनीसाठी. खाजगी वसाहत, खाजगी बंदरालगतचा धंदा, आणि जमीन घेणार कोण, तर सरकार, १८९४ च्या इंग्रजी कायद्याने. कंपनीने शेतकऱ्याच्या ओटीवर येऊन विचारलं असतं तर आम्ही हो की नाही ते सांगितलं असतं. पण नोटिसा आल्या प्रांत ऑफिसातून.

आमच्या जमिनी कशा, ते घाटावरच्या मंडळींना सांगायला हवं. ही खारजमीन. समुद्राचं पाणी आत येऊ नये म्हणून आजे-पणजे चिखलाचे बांध घालत आले. उधाणात बांध फुटला, 'खांड' गेली, की सगळं गाव रात्री कंदील घेऊन धावायचं. एका घराचा बांध फुटला तर शंभर घरांचं भात खारं होतं, म्हणून बांध सगळ्यांचा. आता सांगा, माझ्या अडीच एकराचा मोबदला काढताना या बांधाची किंमत कुणाच्या नावावर लावणार? कागदावर जमीन 'एकपिकी'. त्या एका पिकावर आम्ही चौघं भावंडं शिकलो. बोय, कोळंबी, निवट्या, शेतातलं जिताडं, यातलं काहीच सातबाऱ्यावर नसतं.

माझे वडील हरकत नोंदवायला गेले तेव्हा एका कर्मचाऱ्याने त्यांना विचारलं, "काका, तुम्ही विकासाच्या आड का येता?" वडील सातवी शिकलेले. ते म्हणाले, "मी आड नाही आलो. मी इथेच होतो, तुमी आलात."

प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखी म्हातारी माणसं आमच्यासाठी उन्हात बसली. शेवटी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी मतदान झालं: जमीन द्यायची की नाही. मी मुंबईहून रात्रीच्या गाडीने आलो होतो. आजी डोळ्यांनी अधू, तिला पाठीवर घेऊन केंद्रावर नेलं. तिने आयुष्यात खासदार-आमदारांना पुष्कळ मतं दिली, पण म्हणाली, "आज पहिल्यांदा कुणी माझ्या शेताबद्दल माझं मत विचारलं." पुढे २००९ मध्ये संपादनाची मुदत संपली आणि प्रकरण बारगळलं. जमीन राहिली.

जमीन राहिली पण सुख राहिलं असं लिहिणार नाही. नंतर दलाल आले, पोरांनी तुकडे विकले, आमच्या गावातही विकले. काही बांधांची देखभाल सुटली, भात खारं झालं. ते आमचं चुकलं असेल. पण चुकायचा हक्क आमचा होता.

---

मावळती

खारबंदी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. शेवटची दोन वाक्यं आईला वाचून दाखवली.

मुळशीचा उल्लेख इथे हवाच. १९२१ मध्ये टाटांच्या वीज कंपनीच्या धरणासाठी इंग्रज सरकारने याच १८९४ च्या कायद्याने मुळशी पेट्यातल्या मावळ्यांच्या जमिनी घेतल्या. रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला आणि पांडुरंग महादेव बापट तिथेच 'सेनापती' झाले. वीज मुंबईच्या गिरण्यांना, पाणी मावळ्यांच्या भातखाचरांवर. माझं आजोळ त्या बुडालेल्या गावांपैकी. बऱ्याच जमिनींचे कागद पुण्याच्या सावकारांकडे होते, त्यांना मोबदला चालत होता. कसणाऱ्याला नको होता. 'मालक तयार आहेत' हे वाक्य ऐकलं की मला नेहमी विचारावंसं वाटतं, कोण मालक?

---

चाळीतला

मला मात्र अडचण आहे. आम्ही गिरगावात उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी म्हाडाला उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतीत राहतो, तिसरी पिढी. जिना टेकूवर उभा आहे. घरमालक वर्षानुवर्षं दुरुस्ती करत नाही, कारण इमारत पडली की जमीन त्याला मोकळी. म्हाडा कायद्यात १९८६ मध्ये आठ-अ प्रकरण आलं. ७० टक्के रहिवाशांची सोसायटी तयार असेल तर सरकारने इमारत संपादन करून रहिवाशांनाच द्यायची, मोबदला महिन्याच्या भाड्याच्या शंभरपट. नदीपल्याड ताईंच्या तत्त्वाने गेलं तर हेही खासगी माणसाकडून घेऊन खासगी माणसांना देणंच झालं. मग आम्ही जिन्याखाली मरायचं का?

---

नदीपल्याड

@चाळीतला, तुमचा प्रश्न दिवसभर डोक्यात होता. तुम्ही बरोबर पकडलंत, माझं वाक्य फार सरसकट होतं.

माझ्या मनातला फरक असा. तुमच्याकडे घर ज्याचं आहे, म्हणजे जो त्यात राहतो, त्यालाच ते द्यायचं आहे, आणि छप्पर पडून माणसं मरू नयेत हे कारण आहे. न्यू लंडनला घरं मोडकळीला आलेली नव्हती. शहराने तसा दावासुद्धा केला नव्हता. जास्त कर भरणारं कुणीतरी हवं होतं, इतकंच. तरी शंभरपट भाडं हा मोबदला मला न्याय्य वाटत नाही. गोठलेल्या भाड्याच्या शंभरपट म्हणजे गिरगावातल्या जमिनीच्या मानाने काहीच नाही. आणि सोसायटीच्या नावाने शेवटी बिल्डर आला तर? तिथे मला भीती वाटते.

---

काळाकोट

वकिली करतो, म्हणून थोडं कायद्याचं.

चाळीतला यांनी सांगितलेल्या आठ-अ प्रकरणावरूनच मुंबईच्या प्रॉपर्टी ओनर्स असोसिएशनचा खटला उभा राहिला आणि तीन दशकं चालला. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की प्रत्येक खासगी मालमत्ता ही घटनेच्या ३९(ब) मधली 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' (जिचं वाटप सर्वांच्या हितासाठी व्हावं असं ते कलम सांगतं) ठरत नाही. काही ठरू शकतात, पण सरसकट नाही.

आपल्याकडे मालमत्तेचा हक्क ४४ व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांतून गेला. उरलं कलम ३००-अ: कायद्याच्या आधाराशिवाय मालमत्ता काढून घेता येणार नाही. पश्चिम बंगालमधल्या सिंगूरची, टाटांच्या मोटार कारखान्यासाठी घेतलेली ९९७ एकर सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये शेतकऱ्यांना परत द्यायला लावली, पण तोवर दहा वर्षं गेली होती आणि शेतात काँक्रीट होतं.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने खासगी कंपनीसाठी ८० टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के संमती, सामाजिक परिणामांचा अभ्यास, ग्रामीण भागात वाढीव मोबदला हे सगळं आणलं. चांगलं आहे. पण महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला कलम ३२(२) ची नोटीस येते ती एमआयडीसीच्या १९६१ च्या कायद्याखाली. तिथे ८० टक्क्यांची अट नाही. जमीन आधी महामंडळाकडे जाते, मग भूखंड पडतात, मग कंपनीला मिळतात. 'कंपनीसाठी घेतली' असं कुठेच लिहिलेलं नसतं. माझ्याकडे येणाऱ्या पक्षकारांना पहिली गोष्ट मी हीच विचारतो: नोटीस कुठल्या कायद्याखाली आहे ते बघून या.

---

डेट्रॉइटवासी

मी मिशिगनमध्ये गाड्यांच्याच धंद्यात आहे, म्हणून हे लिहिताना जड जातं.

१९८१ मध्ये डेट्रॉइटने पोलटाउन नावाची वस्ती जनरल मोटर्सच्या कारखान्यासाठी घेतली. चार हजारांवर माणसं, हजारावर घरं, दुकानं, चर्च. एका चर्चच्या तळघरात म्हाताऱ्या बायका ठाण मांडून बसल्या होत्या, त्यांना पोलिसांनी उचलून नेलं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शहराची बाजू घेतली. त्याच न्यायालयाने २००४ मध्ये हॅथकॉक खटल्यात सांगितलं की तो निकाल चुकीचा होता. तेवीस वर्षांनी! एव्हाना त्या म्हाताऱ्या नव्हत्या.

कारखान्याच्या आवारात आजही एक जुनं ज्यू कब्रस्तान आहे, वर्षातून मोजके दिवस उघडतं. मी एकदा गेलो होतो. चारी बाजूंनी कारखान्याच्या भिंती आणि मध्ये दगड. मेलेल्यांना हलवता आलं नाही, जिवंतांना हलवलं.

न्या. थॉमस यांनीही सुझेट केलो यांच्या त्या २००५ च्या खटल्यात वेगळं विरोधी मत लिहिलं आहे, ते इथे यायला हवं. त्यांचं म्हणणं, या अधिकाराचा वरवंटा फिरतो तो नेहमी गरिबांवर आणि कृष्णवर्णीयांवर. पन्नास-साठच्या दशकात 'शहरांचं नूतनीकरण' म्हणून जे झालं त्याला लोक 'निग्रो हटाव' म्हणायचे. श्रीमंतांच्या बंगल्यांवर कर कमी येतो म्हणून कुणी मॉलचा आराखडा केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

---

नगररचना_७४

सगळे प्रतिसाद वाचले. अडवणुकीचा प्रश्न खरा आहे हे मी अजूनही म्हणेन, रस्ता आणि जलवाहिनी यांच्या बाबतीत तर नक्कीच. पण '४ ए' बद्दल मला माहीत नव्हतं. काय बांधायचं हे ठरलेलं नसताना राहतं घर ताब्यात घेणं हे नगररचनेच्या कुठल्याच नियमात बसत नाही. माझ्या हाताखालच्या एखाद्या मुलाने असा आराखडा आणला असता तर मी परत पाठवला असता.

एक भर घालतो. न्या. स्टीव्हन्स यांनीच निकालानंतर एका भाषणात सांगितलं होतं की धोरण म्हणून हा मार्ग त्यांना शहाणपणाचा वाटत नाही, पण कायदा त्यांना तिकडे घेऊन गेला. आणि राज्यांनी हवं तर जास्त कडक बंधनं घालावीत, हे निकालपत्रातच आहे. ती घातलीही गेली. चाळीसहून जास्त राज्यांनी आपापले कायदे बदलले, काहींनी नावापुरते, फ्लोरिडासारख्यांनी खरोखर.

ताई, त्या दोघींचं पुढे काय झालं?

---

नदीपल्याड

@नगररचना_७४, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

विल्हेल्मिनाबाई २००६ मध्ये गेल्या. घर तोवर उभं होतं, तेवढं एक झालं. सुझेट केलो यांनी त्याच वर्षी तडजोड केली आणि त्या गाव सोडून नदीच्या अलीकडे, म्हणजे आमच्या बाजूला राहायला आल्या. राज्याच्या न्यायालयात त्यांच्याविरुद्ध मत दिलेल्या न्या. पामर यांनी काही वर्षांनी एका कार्यक्रमात त्यांना भेटून माफी मागितली. पुढे काय होणार हे सगळं तेव्हा माहीत असतं तर मी वेगळं मत दिलं असतं, अशा अर्थाचं ते बोलले.

गुलाबी घर पाडलं नाही. फळ्या-खिळे सुटे करून ते हलवलं आणि २००८ मध्ये न्यू लंडनमध्येच फ्रँकलिन स्ट्रीटवर परत उभं केलं. मागच्या रविवारी धागा टाकायच्या आधी जाऊन बघून आले. रंग तोच आहे. तिथून नदी दिसत नाही.